मूठ माझी, पत्ती ईसीयूची

सेकंडहँड व्ही-स्ट्रॉम ६५० (सुझुकीची दोन सिलिंडरची बाइक) घेतली तेव्हा वरच्या आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्यांना) ती झक्कास पळत होती. तक्रार खालची होती. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर मानपाड्यापासून गायमुखापर्यंत संध्याकाळी कंटेनरची जी रांग लागते, तिच्यात दुसऱ्या गिअरमध्ये अडीच हजार आरपीएमवर अ‍ॅक्सिलरेटरची मूठ जराशी पिळली की आधी क्षणभर काहीच नाही, मग एकदम धक्का. मूठ सोडली की चेन खडखडून उलटा धक्का. मागे बसलेल्या बायकोचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटायचं. तिने निकाल देऊन टाकला, ‘गाडी बरी आहे, तुला चालवता येत नाही.’

नेहमीचे संशयित आधी तपासले. चेनचा ढिलेपणा, थ्रॉटल केबलचा प्ले, एअर फिल्टर, प्लग. वागळे इस्टेटमधल्या ओळखीच्या मिस्त्रीने व्हॅक्यूम गेज लावून दोन्ही सिलिंडरचं सिंकही (दोघांना हवा सारखी मिळतेय का) बघितलं. थोडा फरक होता, तो काढला. आयडलिंग छान झालं, धक्का तसाच. एफआयचा (फ्युएल इंजेक्शनच्या बिघाडाचा) दिवा पेटलेला नव्हता, डीलर मोडला (बिघाडाचे कोड दाखवणाऱ्या मोडला) टाकून बघितलं तरी एकही कोड नाही. सगळे सेन्सर ‘ठीक आहे’ म्हणतायत आणि गाडी झटके खातेय, हा प्रकार भलताच वैताग आणतो.

शेवटी टाकी उचलली, एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा) काढला. मिस्त्रीने थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या नळीत, वरून टॉर्च मारला आणि म्हणाला, “दादा, वरच्या पत्त्या कुठायत?” आत दोन नुसते दांडे दिसत होते. पत्त्या गायब.

व्ही-स्ट्रॉमच्या प्रत्येक थ्रॉटल बॉडीत, ३९ मिमीच्या एकाच भोकात, एकापाठोपाठ दोन बटरफ्लाय, म्हणजे दांड्यावर फिरणाऱ्या गोल पत्त्या, असतात. इंजिनच्या बाजूची आपल्या मुठीला केबलने जोडलेली. एअरबॉक्सच्या बाजूची, म्हणजे सेकंडरी, एका छोट्या मोटरवर फिरते आणि त्या मोटरला हुकूम देतो ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. आरपीएम किती, गिअर कोणता, मूठ किती उघडी, हे बघून तो ठरवतो की ही पत्ती किती उघडायची. सुझुकीने ही रचना २००० सालच्या जीएसएक्स-आर ७५० वर आणली. कावासाकीच्या निंजा ३०० मध्येही अशाच दोन-दोन पत्त्या आहेत.

हा खटाटोप कशासाठी, ते कार्ब्युरेटरच्या गाड्या चालवलेल्यांना पटकन कळेल. आरएक्स १०० मध्ये स्लाइड थेट केबलला. कमी आरपीएमवर एकदम फुल मूठ दिली की ती घुसमटायची, कारण इंजिन ओढतंय थोडी हवा आणि वाट मात्र मोठी. हवेचा वेग पडतो, खेच कमी होते. करिझ्माच्या सीव्ही कार्ब्युरेटरमध्ये स्लाइड व्हॅक्यूमवर उचलली जायची. तुम्ही कितीही घाई करा, इंजिन मागेल तेवढीच वर. इंजेक्शनच्या गाडीत तेच काम सेकंडरी पत्ती करते. हवेचा वेग टिकला की इंजेक्टरने फवारलेलं पेट्रोल नीट मिसळतं. वेग पडला की त्यातलं काही पोर्टच्या भिंतीला चिकटतं, सिलिंडरमध्ये पोचणारं मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. माझा तो ‘क्षणभर काहीच नाही’ हाच.

दुसरं कारण ईसीयूच्या हिशोबाचं. मूठ थोडी उघडी असताना पेट्रोल किती द्यायचं हे मुख्यतः मॅनिफोल्डच्या (पत्ती आणि इंजिन यांमधल्या नळीच्या) दाबावरून ठरतं, जास्त उघडली की थ्रॉटलच्या कोनावरून. कंपनीने या हिशोबाचा तक्ता सेकंडरी पत्ती जागेवर आहे असं धरूनच बनवलाय. पत्ती नसेल तर त्याच कोनाला, त्याच आरपीएमला हवा जास्त शिरते आणि पेट्रोल जुन्याच मापाने येतं. ओटू सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) एकसारख्या वेगावर सावरून घेतो, पण झटकन मूठ उघडली तर त्याला सावरायला वेळच मिळत नाही. आणि कोड का येत नव्हता? दांडे, मोटर, पोझिशन सेन्सर सगळं शाबूत होतं. रिकामा दांडा इमानदारीने फिरत होता, सेन्सर त्याचाच कोन कळवत होता.

आधीच्या मालकाला फोन केला. ‘अरे, ते रिस्ट्रिक्टर असतात, काढले की दम वाढतो,’ असं त्याचं म्हणणं. फुल थ्रॉटल आणि चढ्या आरपीएमला ही पत्ती पूर्ण उघडीच असते, मग वर दम कुठून वाढणार? वाढतो तो खालचा झटका, आणि झटक्यालाच ताकद समजणारे पुष्कळ आहेत. पण त्याने पत्त्या एका प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवल्या होत्या आणि हसत हसत आणूनही दिल्या. त्यामुळे त्याच्यावरचा निम्मा राग गेला. सुट्या पत्त्या मला कुठेच मिळाल्या नव्हत्या, जो तो अख्खी थ्रॉटल बॉडी घ्या म्हणत होता.

बसवणं हे खरं जिकिरीचं काम. पत्तीची कड तिरकी घासलेली असते, उलटी बसली तर भोकात अडकते. मिस्त्रीने स्क्रू आधी अर्धवट लावले, दांडा हाताने बंद करून पत्तीला भोकात स्वतःची जागा घेऊ दिली आणि मग आवळले. स्क्रू नवे, प्रत्येकाला थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद). इथे कंजुषी नको, कारण हा स्क्रू सुटला तर तो थेट इंजिनच्या दिशेनेच जाणार. मग इग्निशन ऑन. मोटरने झुर्र आवाज करत पत्त्या फिरवून बघितल्या, कुठे अडकल्या नाहीत. सुझुकीत या मोटरचा कोड सी२८, सेन्सरचा सी२९. दोन्ही आले नाहीत. एअरबॉक्स चढवण्याआधी तेराशेच्या आयडलिंगला पुन्हा सिंक बघून घेतलं.

आता त्याच रांगेत, त्याच दुसऱ्या गिअरमध्ये मूठ पिळली की गाडी सरळ उचलते. मूठ ते चाक हा संबंध किंचित मऊ झालाय, हे खरं. सिग्नलवरून उसळी मारायची हौस असलेल्याला ती ढिली वाटेल. त्याला एक रस्ता आहे: पत्त्या जागेवर ठेवून ईसीयू फ्लॅश करायचा (त्यात बदललेला प्रोग्रॅम भरायचा), सेकंडरी कधी किती उघडेल ते बदलायचं आणि पेट्रोलचा तक्ताही डायनोवर (इंजिनची ताकद मोजायच्या यंत्रावर) नव्याने बसवायचा. नुसत्या पत्त्या काढून तक्ता तसाच ठेवणं ही अर्धी कामगिरी आहे. नव्या राइड-बाय-वायर गाड्यांत हा प्रश्नच उरला नाही. तिथे मुख्य पत्तीच ईसीयूच्या हातात, दुसरीची गरज नाही.

दोन हजाराच्या खाली अजूनही थोडी धडधड आहे. ती या व्ही-ट्विनची आणि माझ्या झिजलेल्या स्प्रॉकेटची. स्प्रॉकेट पुढच्या महिन्यात बदलतोय.