नॅनोनळ्यांना डाग देताना

लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या सोल्डरिंग आयर्नने मी आजवर कितीतरी सर्किटांना डाग दिले होते, परंतु एम.एस्सी.च्या प्रकल्पात ज्या दोन ‘तारा’ जोडायच्या होत्या, त्या जेमतेम एक नॅनोमीटर जाडीच्या कार्बन नॅनोनळ्या होत्या, आणि तिथे टेकवता येईल असे टोकच जगात नाही.

डायक्लोरोइथेनमध्ये विखुरलेल्या नळ्या ऑक्साइडचा थर असलेल्या सिलिकॉनवर पसरवून आम्ही त्यांवर पॅलेडियमचे इलेक्ट्रोड चढवले. अशा नळ्यांपैकी साधारण एक तृतीयांशच धातूसारख्या असतात, बाकीच्या अर्धवाहक. त्यामुळे हवी तशी फुली, म्हणजे दोन नळ्या एकमेकींना छेदतात ती जागा, सापडेपर्यंत दोन आठवडे गेले. फुलीपाशी नळ्या एकमेकींना नुसत्या टेकलेल्या असतात, म्हणून नळी स्वतः उत्तम वाहक असूनही आमच्या फुलीचा रोध काही लाख ओहम भरला.

गंमत अशी की हा दोषच कामी येतो. गीझरचा सैल प्लग जसा तापून काळा पडतो, तशी वीज सोडल्यावर फुलीच सर्वाधिक तापते; निर्वात कक्षात पॅलेडियमच्या सेंद्रिय संयुगाची वाफ सोडली, तर ती त्या तापलेल्या जागीच विघटित होऊन धातू नेमका तिथे बसतो, आणि प्रवाह कायम ठेवला असल्यास रोध उतरला की उष्णताही घटते. ही पद्धत इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केली होती.

आमच्याकडे जुलै चालू होता. मुंबईच्या दमट हवेतून ऑक्साइडवर पाण्याचे रेणू चिकटत, आणि गेटचा, म्हणजे नळीतला प्रवाह नियंत्रित करणाऱ्या इलेक्ट्रोडचा, व्होल्टेज वाढवतानाचा प्रवाहाचा आलेख कमी करतानाच्या आलेखाशी जुळेना. नमुना निर्वातात रात्रभर तापवल्यावर ते थांबले. पण पुढच्याच दिवशी मी घाईने व्होल्टेज वाढवला. एका नळीतून सुमारे 25 मायक्रोअँपिअरच्या पुढे प्रवाह सहसा जात नाही, हे ठाऊक असूनही! मीटरचा आकडा शून्यावर आला आणि एएफएमच्या (पृष्ठभागाचे चढउतार टिपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या) चित्रात फुलीला लागूनच नळीत बारीक खिंडार दिसले.

तिसऱ्या नमुन्यावर मी दर पायरीला थांबत गेलो. रोध एक तृतीयांशावर उतरला. चित्रात फुलीवर काही नॅनोमीटर उंचीचा फुगवटा होता. उरलेल्या नळीवर मात्र धातूचा एकही कण दिसत नव्हता.