एक तास मिळवायचा राहिला

माझे आजोबा हर्णैला तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान होते. मी मात्र शिडाचा दोर पहिल्यांदा हातात घेतला तो साउथॅम्प्टनला, नोकरीसाठी इथे आल्यावर, चाळिशी उलटून गेल्यावर. दोन उन्हाळे ओळखीच्यांच्या बोटींवर खलाशी म्हणून फिरलो, हिवाळाभर नकाशे आणि भरती-ओहोटीची गणितं केली आणि यंदा मे महिन्यात आरवायएचा, म्हणजे ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचा, पाच दिवसांचा डे स्किपर कोर्स केला; त्यात दिवसा बोटीचा कप्तान, म्हणजे स्किपर, व्हायला शिकवतात. ३४ फुटी बोट, आम्ही तिघं शिकाऊ आणि एक प्रशिक्षक. जेवणखाण, झोप, सगळं बोटीवरच.

बोट धक्क्याला लावणं, फेंडरला (बोट धक्क्यावर घासू नये म्हणून लावायच्या फुगीर उशीला) बादली बांधून पाण्यात टाकलेला ‘माणूस’ वळसा घेऊन उचलणं, हे सरावाने जमत गेलं. चौथ्या दिवशी सकाळी प्रशिक्षक म्हणाले, "आज स्किपर तू. यार्मथला न्यायचं."

यार्मथ म्हणजे समोरच्या आइल ऑफ वाइट बेटाच्या पश्चिमेकडचं बंदर. हॅम्बल नदीतून निघून बेटावरच्याच काउजवरून पश्चिमेला जायचं. बेट आणि किनारा यांच्यामधल्या सॉलेंटच्या या चिंचोळ्या पट्ट्यात प्रवाह पश्चिमेला फिरतो तो पोर्ट्समथच्या पूर्ण भरतीच्या साधारण तासभर आधी. आदल्या रात्री मी हिशेब मांडला होता: काउजला १०:२० ला पोचायचं, पुढे पाणीच नेईल.

जहाजांच्या वाटेवर एक कंटेनर जहाज आलं. इथे दीडशे मीटरहून लांब जहाजासमोरचं हजार मीटर पाणी मोकळं सोडावंच लागतं. बोट वळवून थांबलो, ते गेल्यावर ओलांडलं. वेळेत काउज गाठलं आणि अडकलो. वारा नैर्ऋत्येचा, अगदी समोरचा. लॉगवर, म्हणजे पाण्यातून जायचा वेग साडेचार नॉट, पण जीपीएसवर, जमिनीच्या हिशेबाने, जेमतेम अडीच. दोन टॅक मारले, म्हणजे वाऱ्याला तोंड देत नागमोडी वळणं घेतली, तरी किनाऱ्यावरचं तेच पांढरं घर समोर. खेकड्यांच्या पिंजऱ्याची जागा दाखवणारा एक तरंगता बोया अजून पूर्वेलाच कलून ताणलेला.

खाली जाऊन वही उघडली. तक्त्यातल्या वेळा ग्रिनिचच्या. उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे असतात, म्हणून त्यात एक तास मिळवायचा असतो, तो मी मिळवलाच नव्हता. प्रशिक्षकांना आदल्या रात्रीच कळलं असणार. ते काही बोलले नाहीत, आणि ते बरंच झालं.

इंजिन लावून रेटता आलं असतं. मी बोट मागे वळवली आणि ऑस्बोर्नच्या उपसागरात, वाऱ्याच्या आडोशाला नांगर टाकला. पाच मीटर पाणी, अजून थोडं चढणार, म्हणून पंचवीस मीटर साखळी सोडली. सगळ्यांना चूक सांगितली. चहा झाला. मी दुर्बिणीतून बाहेरच्या बोयांकडेच बघत होतो. सव्वाअकराच्या सुमाराला ते सरळ उभे राहिले, मग हळूहळू पश्चिमेला कलले.

"नांगर उचला."

पुढे वारा आणि पाणी समोरासमोर आल्यामुळे आखूड, उभ्या लाटांनी चांगलंच भिजवलं, पण दुपारी यार्मथला होतो. संध्याकाळी बाबांना फोन केला. कोर्सचं नंतर, आधी त्यांनी विचारलं, "उधाण होतं की भांग?" म्हणजे भरती-ओहोटी मोठी की लहान.

"उधाण, बाबा."

"मग थांबलास ते बरं केलंस."