गीत कोणाचं

कोजागिरीच्या कार्यक्रमाची पत्रिका दुपारी ग्रुपवर आली. रंग छान घेतलेत पोरांनी, चौघांचे फोटोही झकास आलेत. गायन, संगीत, तबला, निवेदन, सगळ्यांची नावं नीट आहेत. अगदी खाली, 'व्यवस्था' म्हणून माझं. गाणी माझी आहेत आणि 'गीत' अशी ओळच नाही पत्रिकेत.

कोणाला काही बोलले नाही. अंगठा पाठवला आणि कुकर लावला. पण तेव्हापासून ते मनातून हटत नाहीये. मुद्दाम केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. यांना खरोखर आठवलंच नाही. हॉलचं भाडं, तबलजींचा ॲडव्हान्स, सतरंज्या, मसाला दूध, सगळं माझ्याकडे. त्यामुळे माझं नाव निघालं की त्यांच्या डोळ्यांपुढे हिशेबाची वही येते. दुसरी वहीसुद्धा याच हाताने लिहिलेली आहे, ती दादांच्या पेटीवर तर असते रोज! आईचंही असंच झालं होतं. ते आज नको.

संध्याकाळी लेकीच्या खोलीत ॲबा लागलं होतं, तो चौघांचा स्वीडिश पॉप ग्रुप. चौघांची नावं तिला तोंडपाठ. स्टिग अँडरसन म्हटलं तर, "तो कोण?"

तो कोण! ॲबाचा मॅनेजर, त्यांच्या पोलर म्युझिक कंपनीचा मालक, आणि सुरुवातीच्या कितीतरी गाण्यांचा गीतकार. 1931 चा जन्म, आधी शाळामास्तर होता. ॲबा हे नावही त्याचंच, चौघांच्या नावांची पहिली अक्षरं जुळवून केलेलं. 'वॉटर्लू'ची चाल तयार होती तेव्हा त्याला तीन अक्षरांत बसेल असा शब्द हवा होता. आधी दुसराच काहीतरी सुचला होता, मग सुभाषितांच्या पुस्तकात हा सापडला. त्याच गाण्यावर 1974 च्या एप्रिलमध्ये ब्रायटनला ते युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा जिंकले. बक्षिसासाठी गाणं रचणाऱ्यांना मंचावर बोलावलं, तर चौघांतल्या ब्यर्नला पहारेकऱ्याने अडवलं. अशा चमचमत्या कपड्यांतला गाणारा गाणं लिहीलही, हे त्याला पटेना. म्हणजे कपड्यांवरून ठरतं सगळं. आमच्याकडे लिहिणारीच्या हातात पावतीपुस्तक असतं, तर ती लिहिणारी वाटत नाही.

इथे तरी काय वेगळं आहे? लताबाई इंदूरला जन्मल्या, त्यांच्या नावाचा सन्मान मध्य प्रदेश सरकार 1984 पासून देतंय, तो गायकांना आणि संगीतकारांना. त्यांच्या गळ्यातून आपल्यापर्यंत आलेले शब्दही कोणी तरी रात्र रात्र जागून लिहिलेच असतील ना? हे मला नेहमी खटकतं, आज जास्तच.

पण स्टिगचं सगळं आठवायचं तर पुढचंही आठवायला हवं. त्याने कंपनी विकली, रॉयल्टीवरून वाद झाला, 1990 मध्ये प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि मग आपसात मिटवलं. ज्याने त्यांना नाव दिलं त्याच्याशीच. कोणाचं किती चुकलं हे मी इथे रामबागेत बसून काय ठरवणार? एवढं मात्र दिसतं की पैसा आणि शब्द एकाच्याच हातात असले की पैशावरून बिनसतं आणि शब्दही त्यासोबत झाकले जातात. त्याच्याबद्दल वाचावं तर व्यवहाराचंच जास्त असतं. 'डान्सिंग क्वीन'च्या श्रेयात बेनी आणि ब्यर्नच्या बरोबरीने त्याचंही नाव आहे, हे किती जणांना माहीत असेल?

आणि तरीही. 1989 मध्ये त्याने रॉयल स्वीडिश अकॅडमी ऑफ म्युझिकला मोठी देणगी दिली, त्यातून पोलर संगीत पुरस्कार निघाला. स्टिग 1997 मध्ये गेला आणि पुढच्याच वर्षी, 1998 ला, तो पुरस्कार रे चार्ल्सबरोबर आपल्या पंडित रविशंकरांना मिळाला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला भरून आलं होतं. ज्या हाताने हिशेब ठेवले, त्याच हाताने हे उभं केलं. तिथे व्यवस्था ही कमी प्रतीची गोष्ट राहत नाही. मी दुपारपासून ती हलकी मानत होते, आणि ते काही खरं नाही. सतरंज्या वेळेवर आल्या नाहीत तर माझं गाणं ऐकायला बसणार कुठे लोक?

तरी 'गीत' ही ओळ हवी. ती मागणार आहे, दादांकडेच, फोनवर नाही, समोर बसून. मागायला संकोच वाटतोय, पण मागणार. पोरं दुसरी पत्रिका करून देतील, वाईट नाहीत ती.

आत्ताच दादांचा मेसेज आलाय. तिसऱ्या अंतऱ्याच्या शेवटी 'चांदणं' चालीत ओढलं जातंय, तीन अक्षरी पण जरा मोकळा शब्द द्या म्हणतात, उद्या तालमीच्या आधी. 'पुनव' चालेल का बघते. नाही तर ओळच फिरवावी लागेल.