डोंगरदऱ्या सापडत नव्हत्या

आमच्या गावचं सार्वजनिक वाचनालय ग्रामपंचायतीला लागून असलेल्या दोन खोल्यांत आहे. गाव अंबाजोगाई तालुक्यातलं. संध्याकाळी पाच ते आठ ते उघडं असतं आणि ग्रंथपालकाका कुलूप काढायच्या आधीच दोन-तीन पोरं पायरीवर बसलेली असतात. मी वेबसाइट करायला शिकले ती या वाचनालयाच्या पुस्तकांच्या यादीपायी. शिकायला दीड वर्ष लागलं, आणि त्यातला सगळ्यात मोठा वेळ कोडपेक्षा मराठी अक्षरांत गेला.

सुरुवात मात्र क्लासनं झाली. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेजच्या रस्त्यावर तीन महिन्यांच्या वेब डिझाइनिंग कोर्सचा बोर्ड लागला. वडिलांनी सोयाबीन विकून आलेल्या पैशातनं फी भरली. तिथं सर व्याख्या सांगायचे आणि आम्ही वहीत उतरवून घ्यायचो. संगणकासमोर बसायची पाळी आठवड्यातनं एकदा, तीही दोघींत मिळून. वेबपान ज्या भाषेत लिहितात ती एचटीएमएल म्हणजे काय हे मला पाठ होतं, पण एकही पान मी स्वतः बनवलेलं नव्हतं. सहा आठवड्यांनी जाणं बंद केलं. फी परत मिळाली नाही. वडील काही बोलले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं.

पुण्यातल्या चुलत भावानं त्याचा जुना लॅपटॉप दिला. त्याच्यावर नोटपॅडमध्ये चार ओळी लिहिल्या, फाइलला इंडेक्स डॉट एचटीएमएल नाव दिलं आणि उघडली, तर पान न दिसता मी लिहिलेला कोडच जसाच्या तसा दिसला. दोन दिवस तेच. मग फोनवर दादा म्हणाला, "फाइलच्या नावाचं शेपूट बघ." विंडोज शेवटचा भाग लपवून ठेवतं, आणि नोटपॅडनं माझ्या नावाच्या पुढं स्वतःचं टीएक्सटी जोडलं होतं. ते काढल्याबरोबर पांढऱ्या पडद्यावर ठळक अक्षरांत वाचनालयाचं नाव आलं. मी आईला चुलीपुढनं उठवून आणलं. ती म्हणाली, "एवढंच व्हय?" आणि थोडा वेळ बघत उभी राहिली.

पुढचं शिकणं असंच, एकेक अडचण धरून. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाची एमडीएन नावाची, वेबपानं कशी लिहायची ते सांगणारी मोफत कागदपत्रं आहेत, इंग्रजीत. एक पान वाचायला मला तास लागायचा. कुठल्याही वेबसाइटवर उजवं बटण दाबून तिचा मूळ कोड बघता येतो, हे कळल्यावर मात्र मला कोणी रोखू शकलं नाही. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत वेब तयार केलं, आणि 30 एप्रिल 1993 ला सर्ननं ते सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. हे वाचलं त्या दिवशी मला क्लासची फी आठवली.

पानाचं रंगरूप आणि मांडणी ठरवणारी भाषा म्हणजे सीएसएस. तिच्यातला पहिला मोठा अडथळा म्हणजे चौकट. पानावरची प्रत्येक गोष्ट एक चौकट असते. तिला कडा असते, कडेच्या आत पॅडिंग आणि बाहेर मार्जिन. हे दोन शब्द मी सारखे उलटे वापरायचे. शेवटी वहीत आमच्या रानाचा नकाशा काढला. बांध म्हणजे कडा. बांधाच्या आत पेरणी न करता सोडलेली पट्टी ते पॅडिंग. आपला बांध आणि शेजाऱ्याचा बांध यांच्यामधली वाट ते मार्जिन. नंतर कळेना की 300 पिक्सेल रुंदी दिलेली चौकट मोजल्यावर जास्त का भरते. त्याचं उत्तरही रानातच होतं: क्षेत्र बांधासकट मोजायचं का बांध सोडून? ब्राउझर मूळ नियमानं पॅडिंग आणि कडा सोडून मोजतो. बॉक्स-सायझिंगची एक ओळ लिहिली की सगळं धरून मोजतो. आता मी प्रत्येक फाइलची सुरुवात त्या ओळीनंच करते.

इथपर्यंत आल्यावर काकांना म्हटलं, वाचनालयाची यादी मोबाइलवर दिसेल असं काही करून देते. काकांनी लगेच कपाटातनं पेन ड्राइव्ह काढला. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी पगारातले पैसे घालून सगळं दाखल रजिस्टर टाइप करून घेतलं होतं. 3,146 पुस्तकं. मी फाइल उघडली, मजकूर उचलून माझ्या पानावर चिकटवला, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी आली. काका मागनं वाकून बघत होते. "माझी पुस्तकं कुठं गेली गं?" ते म्हणाले.

पुस्तकं तिथंच होती. ती कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. असे जुने फॉन्ट संगणकाला फसवतात. फाइलमध्ये साठतं इंग्रजी अक्षर, फॉन्ट फक्त त्याच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. इंग्रजी डी म्हणजे क, एफ म्हणजे पहिली वेलांटी. फॉन्ट काढला की मराठी संपली. युनिकोडमध्ये असं नसतं, तिथं प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'क'चा 2325. फॉन्ट कुठलाही लावा, 2325 म्हणजे क-च.

म्हणजे यादी कृतिदेवातनं युनिकोडमध्ये आणायला हवी. तयार रूपांतरक मिळतात, मी एक वापरला. तो काय करतो हे समजून घेताना मला पहिल्यांदा आपल्या लिपीचं नवल वाटलं. 'कि' लिहिताना जुन्या फॉन्टमध्ये हाताच्या सवयीनं आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमानं आधी क, मग वेलांटी. दिसायला ती डावीकडं दिसते एवढंच. रफाराचं याच्या उलट. जुन्या फॉन्टमध्ये 'धर्म'चा रफार 'म' झाल्यावर टाइप होतो, युनिकोडमध्ये 'र' 'म'च्या आधी. म्हणजे अक्षरं नुसती बदलून चालत नाही, त्यांच्या जागाही बदलाव्या लागतात. बारावीपर्यंत मराठी शिकून हे कधी माझ्या लक्षात आलं नव्हतं.

यादी पानावर आली. मी ती टेबलमध्ये मांडली, रजिस्टरसारखीच: दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, किंमत. लॅपटॉपवर देखणी दिसली. काकांच्या फोनवर अक्षरं मुंगीएवढी. पानाला पडद्याची रुंदी सांगणारी व्ह्यूपोर्टची ओळ लिहिली नसेल तर मोबाइलचा ब्राउझर पान 980 पिक्सेल रुंद समजतो आणि आवळून दाखवतो. ती ओळ घातली तर अक्षरं मोठी झाली, पण निम्मे रकाने पडद्याबाहेर गेले. काकांच्या फोनची रुंदी 360 आणि माझे रकाने सहा.

दोन दिवस मी त्यात खटपट करत होते, रकाने बारीक करत. काका म्हणाले, "दासोपंतांची पासोडी बघितलीस ना?" संतकवी दासोपंतांची ती पासोडी शाळेत असताना अंबाजोगाईला नेऊन दाखवली होती आम्हाला. कापडाच्या लांबलचक पट्ट्यावर लिहिलेला ग्रंथ, मजकुराबरोबर आकृत्या आणि तक्ते. काका म्हणाले, "लिहायच्या आधी त्यांनी कापड मोजलं असंल का नसंल?" मी घरी येऊन कागदावर फोनएवढा आयत काढला आणि त्यात काय बसतं ते आधी हातानं लिहून बघितलं. बसलं एवढंच: पुस्तकाचं नाव मोठं, खाली लेखक, कोपऱ्यात दाखल क्रमांक. प्रकाशक आणि किंमत वाचणाऱ्याला नकोच होती. टेबल काढून टाकलं आणि प्रत्येक पुस्तकाची एक पट्टी केली. मोठ्या पडद्यावर सीएसएसच्या ग्रिड मांडणीनं त्याच पट्ट्या तीन-तीन शेजारी येतात. डिझाइन म्हणजे रंग, असं मला तोवर वाटायचं. त्या कागदापासून मी प्रत्येक पान आधी पेन्सिलीनं काढते, आणि सगळ्यात लहान पडद्यापासून सुरुवात करते.

रंगाचं आणि अक्षरांचं काकांनीच शिकवलं असं म्हणायला हवं. एका इंग्रजी साइटवरून मी शीर्षकाची मांडणी उचलली होती, अक्षरं लांब-लांब ठेवलेली. काकांनी बघितलं आणि म्हणाले, "आडवी रेघ तुटायली बघ." खरंच, लेटर-स्पेसिंगमुळं 'वाचनालय'ची शिरोरेखा तुकड्या-तुकड्यांत तुटली होती. इंग्रजी अक्षरं सुटी उभी राहू शकतात, आपली एकमेकींचा हात धरून असतात. ती ओळ काढली. ओळींमधलं अंतरही इंग्रजीच्या मापाचं होतं, त्यामुळं वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन भिडत होता. ते 1.7 केलं आणि पान श्वास घेऊ लागलं. फिक्या राखाडी रंगात लिहिलेली लेखकांची नावं काकांना चष्मा लावूनही वाचता येत नव्हती. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचं प्रमाण किमान 4.5 ला 1 असावं असा वेबचा सुगम्यतेचा निकष आहे. ते मोजायची सोय ब्राउझरमध्येच असते. माझं राखाडी त्यात नापास झालं.

पान गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर मोफत चढवलं तेव्हा वाचनालयाचा फोटो दिसेना. लॅपटॉपवर दिसत होता, नेटवर नाही. कारण लहान होतं: फाइलच्या नावाची शेवटची तीन अक्षरं कॅमेऱ्यानं कॅपिटल केली होती, मी कोडमध्ये स्मॉल लिहिली होती. विंडोज दोन्ही एकच समजतं, तिथला सर्व्हर समजत नाही. तेव्हापासून माझ्या सगळ्या फाइलींची नावं लहान अक्षरांत असतात.

मग शोधायची पेटी. तीन हजार पुस्तकांची यादी बोटानं सरकवत कोण बसणार? पानाकडून काम करून घेणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेचं मला भय होतं, पण लागणारा कोड दहा-बारा ओळींचाच निघाला: पेटीत जे टाइप होईल ते ज्या नावात असेल ती पट्टी ठेवायची, बाकीच्या लपवायच्या. चालला. काकांनी वाचकांना सांगितलं. पहिल्याच आठवड्यात नववीतला एक मुलगा आला आणि म्हणाला, "ताई, डोंगरदऱ्या टाकलं की काहीच येईना. पुस्तक तर त्या कपाटात आहे."

यादीत ते नाव मला डोळ्यांनी दिसत होतं. पेटीत तोच शब्द टाइप केला, उत्तर शून्य. यादीतला शब्द उचलून पेटीत चिकटवला, तर सापडलं. म्हणजे दिसायला सारखे असलेले दोन शब्द आतनं वेगळे होते. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे कोड चालवून बघायच्या खिडकीत, दोन्हींचे क्रमांक एकेक करून काढले. माझ्या फोनच्या कीबोर्डनं लिहिलेल्या 'ऱ्'मध्ये 2353 आणि 2381. यादीतल्यात 2352, 2381 आणि तिसरा 8205.

2352 म्हणजे साधा र, 2381 म्हणजे हलन्त. आणि 8205 हे एक न दिसणारं चिन्ह, जोडणारं, ज्याच्यामुळं रफार न होता चंद्रकोरीसारखा अर्धा र दिसतो. माझा कीबोर्ड मात्र सरळ ऱ हे वेगळं अक्षर वापरत होता. एकच आकार, लिहायच्या दोन रीती. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे दरीचं अनेकवचन; आचार्यांना आणि आचाऱ्यांना यात गुरू आणि स्वयंपाकी एवढं अंतर. आपल्या भाषेत हा फरक जपायलाच हवा, म्हणून ते अक्षर आहे, आणि तेच संगणकात दोन वाटांनी शिरतं. मी एक ओळ लिहिली: शोधायच्या आधी यादीतला आणि पेटीतला मजकूर घ्यायचा आणि जिथं 2352, 2381, 8205 असेल तिथं 2353, 2381 करायचं. डोंगरदऱ्या सापडल्या. त्याबरोबर वाऱ्या, दुसऱ्या, पायऱ्या असले शब्द नावात असलेली सगळी पुस्तकं वर आली.

रात्रीचे साडेअकरा झाले होते. काकांना फोन केला तर ते जागेच होते. त्यांनी स्वतःच्या फोनवर टाइप करून बघितलं आणि म्हणाले, "आलं बघ. दाखल क्रमांक 1218. मीच आणलं होतं ते परळीहून."

रूपांतरकानं काही ठिकाणी चूक केलीय. काही नावांत ऱ्याचा र्या झालाय, आणि ते कोडनं दुरुस्त होत नाही, कारण कोडला दर्या की दऱ्या हे कळत नाही. त्याला मूळ रजिस्टरच हवं. म्हणून गेले तीन महिने संध्याकाळी वाचनालय बंद झाल्यावर काका रजिस्टरमधनं नाव मोठ्यानं वाचतात आणि मी पडद्यावर ताडून बघते. नववीतला तो मुलगाही बसतो आता. आम्ही 1,900च्या पुढं आहोत. काल 1,874 क्रमांकाचं पान फाटलेलं निघालं, शाईही पुसलेली. काका उठले, टॉर्च घेऊन मागच्या कपाटाकडं गेले आणि पुस्तकच काढून घेऊन आले.