रोमन चौकोनी बाटली: साचा जमला, कोपरे अजून पातळ

पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या निळसर-हिरव्या चौकोनी बाटल्या युरोपभर सापडतात. अंग साच्यात फुंकलेलं, खांदा-मान मोकळ्या फुंकीची (म्हणजे साच्याशिवाय फुंकलेली), कान वरून जोडलेला. तिन्ही कसबं एकाच भांड्यात येतात, म्हणून सरावाला हीच घेतली आहे.

मिश्रण, वजनी भागांत: वाळू 67, सोडा ॲश 29, खडूची पूड 14, केओलिन (पांढरी चिनी माती) 6, लाल लोह ऑक्साइड 0.4. वायू निघून गेल्यावर साधारण 97 भाग काच उरते. त्यात सोडा 17, चुना 8 आणि ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड, केओलिनमधून येणारा) अडीच टक्क्यांच्या आसपास येतो. (रोमन काळात काचेसाठी नावाजलेल्या, आजच्या इस्रायलमधल्या बेलस नदीकाठच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा आपसूक असे, त्यामुळे तिथे चुना वेगळा घालावा लागत नसे. सोडा मात्र इजिप्तमधल्या वादी नत्रूनच्या नॅट्रॉनमधून, म्हणजे नैसर्गिक सोडा-क्षारातून, येई.) रंग लोहाचा. भट्टीत हवा कमी पडली की निळी झाक वाढते. कोरडं मिश्रण कालवताना तोंडाला मास्क हवाच.

साचा पाच फरश्यांचा: चार बाजू आणि तळ. आतली रुंदी 8 सेंमी. तळावर एकात एक वर्तुळं कोरली आहेत, ती उलटी कोरावी लागत नाहीत. अक्षरं कोरायची असतील तर आरशातली कोरा. भाजक्या मातीच्या फरश्या पूर्ण सुकवून, तापवूनच वापरायच्या. ओल राहिली तर वाफेने काचेवर खळगे पडतात. साचा गार असेल तर अंगावर सुरकुत्या येतात, फार तापला तर काच चिकटते.

आता कोपरे. फुंकनळीवरचा काचेचा गोल फुगा साच्यात सोडला की आधी सपाट बाजूंना टेकतो आणि तिथेच थिजतो. कोपऱ्यापर्यंत पोचायला उरलेली मऊ काच एकटीच ताणली जाते, म्हणून तिथे ती कागदासारखी होते. जोरात फुंकल्याने हे सुटत नाही, उलट तळाचे कोपरे फाटतात. उपाय साच्याबाहेरचा आहे: लोखंडी पाट्यावर फुग्याच्या चारही बाजू चेपून त्याला आधीच चौकोनी करायचं, तळाशी काच जाड ठेवायची, एकसारखं तापवायचं आणि मगच साच्यात उतरवायचं. फरक चांगलाच पडतो. वरचे कोपरे आता ठीक आहेत, तळाचे अजून नाहीत.

पुढे तळाला पाँटिल सळई (भांडं तळाकडून धरायची लोखंडी सळई) लावून बाटली फुंकनळीवरून सोडवायची. काठ बाहेर, वर, मग आत दुमडून चपटा करायचा.

कानाची काच त्याच कुंडीतली (काच वितळवायच्या भांड्यातली) हवी. प्रसरण जुळलं नाही तर जोड गार होताना तडकतो. गोळा दातेरी पट्टीने दाबून रेघा उठवायच्या, आधी खांद्यावर टेकवायचा, वर ओढून वाकवायचा आणि काठाखाली चिकटवायचा. त्याआधी खांदा पुन्हा तापवून घ्या. थंड खांद्यावर गरम काच पडली की भेग थेट अंगात उतरते.

ॲनीलिंग (ताण निघावा म्हणून काच हळूहळू गार करणं) सगळ्यांत जाड भागाच्या, म्हणजे कानाच्या, हिशेबाने: 520 अंश सेल्सिअसवर तासभर, मग 380 पर्यंत ताशी 50 अंशांनी खाली. पातळ अंगाच्या हिशेबाने घाई केली तर कान दुसऱ्या दिवशी हातात येतो.