ग्लासावरची रेघ

बाम्बेर्गमधील एका जुन्या मद्यगृहात वेटरने माझ्यासमोर ठेवलेला बिअरचा ग्लास स्वतःच पुन्हा उचलला, डोळ्यांसमोर धरून पाहिला आणि काही न बोलता परत पिंपाकडे नेला. फेस बसल्यावर बिअर काचेवरच्या बारीक रेघेच्या थोडी खाली राहिली होती. मी तक्रार केली नव्हती. ती रेघ माझ्या लक्षातही आली नव्हती. तेव्हापासून मी जर्मनीत आधी रेघ पाहतो आणि मग चव.

येथे ज्या ग्लासातून सुटी बिअर किंवा वाइन विकली जाते त्यावर माप आणि ते दाखवणारी रेघ असावीच लागते. द्रव रेघेपर्यंत आणि फेस त्याच्या वर, असा हिशेब असल्याने अर्ध्या लिटरचा ग्लास मुळातच अर्ध्या लिटरहून मोठा घडवलेला असतो. वाइनच्या नाजूक ग्लासावरही ०.१ किंवा ०.२ लिटरची रेघ असते. माप कमी भरले तर गिऱ्हाईक भरून मागू शकते, आणि त्याचे कोणाला वाईट वाटत नाही. म्युनिकमध्ये तर कमी माप ओतण्याविरुद्ध लढणारी संघटनाच आहे. बव्हेरियाच्या ज्या १५१६ सालच्या शुद्धतेच्या फर्मानाचा येथे एवढा अभिमान बाळगला जातो, त्यात बिअर फक्त जव, हॉप्स (कडवटपणा देणारी फुले) आणि पाणी यांचीच करावी या अटीआधी बिअरच्या कमाल दराचा उल्लेख येतो, हे कळल्यावर मला मुळीच आश्चर्य वाटले नाही.

आपल्याकडे माप नाही असे मात्र कोणी समजू नये. परमिट रूममध्ये ३० आणि ६० मिलिलिटरचे पेगमाप असते, आणि बिअर बहुधा ६५० मिलिलिटरच्या सीलबंद बाटलीत टेबलावर येते, त्यामुळे रेघेची गरजच उरत नाही. आपले सरकार माप पिणाऱ्याचे घेते, एवढाच फरक. १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे महाराष्ट्रात आजही पिण्यासाठी परवाना लागतो, आणि येथे सोळा वर्षांचा मुलगा दुकानातून बिअर विकत घेऊ शकतो. हे मला पटत नाही, तरी रस्त्यावर झिंगलेली मुले आपल्या कल्पनेइतकी दिसत नाहीत, हेही नोंदवले पाहिजे.

बाम्बेर्गची खासियत म्हणजे धुराची बिअर. तिचे माल्ट, म्हणजे मोड आणलेले धान्य, बीच झाडाच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात, आणि पहिल्या घोटाला चुलीत भाजलेल्या वांग्याचा वास येतो. तिसऱ्या ग्लासापासून ती आवडू लागते असे स्थानिक लोक सांगतात. मला पहिल्यापासूनच आवडली, आणि याचे श्रेय मी भरताला देतो. प्रत्येक चवीची मी वहीत नोंद करतो, त्यामुळे हा प्रकार व्यसनापेक्षा अभ्यासाच्या जवळचा आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. घरच्यांचे मत वेगळे असू शकते.

वाइनसाठी व्यूर्झबुर्ग गाठावे. माइन नदीवरच्या जुन्या पुलावर लोक ग्लास हातात घेऊन उभे राहतात आणि समोरच्या टेकडीवर किल्ल्याखाली द्राक्षमळे दिसतात. येथील सिल्वानर द्राक्षाची पांढरी वाइन कोरडी म्हणजे गोडवा नसलेली, काहीशी मातकट आणि अजिबात लाडात न येणारी. या द्राक्षाची लागवड फ्रँकन भागातील कास्टेल येथे १६५९ पासून आहे, हे येथे प्रत्येक जण एकदा तरी ऐकवतो.

म्हणून मी नाशिकची शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन येथील सहकाऱ्यांपुढे ठेवली. ‘जरा गोड आहे’ एवढाच शेरा मिळाला आणि तो मला लागला. येथील वेल हिवाळाभर झोपलेला असतो. आपल्याकडे त्याला ती सवड मिळत नाही. एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळासाठी गोडी छाटणी आणि साधारण जानेवारी ते मार्च तोडणी, असा वर्षभराचा खटाटोप शेतकऱ्याला करावा लागतो. शिवाय वाइन उद्योगासाठी महाराष्ट्राचे धोरणच २००१ साली आले, तेव्हा साडेतीनशे वर्षांच्या सवयीशी आपली तुलना करणे मला अन्यायाचे वाटते. मी हे सगळे त्यांना सविस्तर ऐकवले. मग लसणाच्या चटणीसोबत थालीपीठ वाढले, तेव्हा त्यांची सिल्वानर तिखटापुढे हरली आणि आपली गोडसर शेनिन टिकली. हे त्यांनी मान्य केले, पण श्रेय थालीपिठाला दिले. पुढच्या खेपेस नाशिकजवळच्या दिंडोरीकडची शिराज ही लाल वाइन आणण्याचा विचार आहे.