लिनक्सवरच्या व्हर्च्युअल मशीनचा भरवसा धरावा का?

"तुम्ही लिनक्स वापरता, मग जुन्या फॉन्टमधल्या फाइली उघडता कशा? आणि ते व्हर्च्युअल मशीन ऐन वेळी दगा देत नाही?" डीटीपीवाली माणसं भेटली की हे विचारतातच. परवा एका मुद्रकांनी पुन्हा विचारलं, म्हणून नीट लिहितो. लिनक्स ही विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम, आणि व्हर्च्युअल मशीन म्हणजे तिच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक.

माझं जुनं काम सगळं पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमधलं. युनिकोड रुळण्याआधीचे फॉन्ट, डोंगल (परवान्याची किल्ली म्हणून संगणकाला जोडायचं छोटं उपकरण) लावल्याशिवाय न उघडणारं सॉफ्टवेअर, आणि खाली विंडोज एक्सपी. एक्सपीचा सपोर्ट २०१४ च्या एप्रिलमध्येच संपला. त्यामुळे ते मी व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवलंय, नेटवर्क कार्ड काढून.

दगा मी अनुभवलाय. दिवाळी अंकाचे शेवटचे दोन फर्मे बाकी होते. सकाळी सिस्टीम अपडेट केली, संध्याकाळी मशीन सुरूच होईना. विंडोज शाबूत होतं, फाइलही शाबूत होती. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं कर्नल मॉड्यूल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला (कर्नलला) जोडला जाणारा तुकडा, तेवढं नव्या कर्नलवर बनलं नव्हतं. संगणक सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या मेनूतून जुना कर्नल निवडला आणि दहा मिनिटांत कामाला लागलो. पण ती दहा मिनिटं मी विसरलेलो नाही.

लिनक्सवर तुटतो तो बहुतेकदा हाच सांधा. व्हर्च्युअल मशीन चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स काय किंवा व्हीएमवेअर वर्कस्टेशन काय, दोघांची मॉड्यूल्स कर्नलच्या बाहेर वाढतात. कर्नल बदलला की ती पुन्हा कंपाइल व्हावी लागतात, आणि सिक्युअर बूट (सही नसलेला कोड सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर त्यांच्यावर डिजिटल सहीही लागते. कधी भांडण वेगळंच असतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ कर्नलपासून केव्हीएम (लिनक्सची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची सोय) लोड होताक्षणीच प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशन सोय ताब्यात घेऊ लागलं, आणि व्हर्च्युअलबॉक्सची मशीन्स अडली. कर्नलला एक पर्याय दिला की सुटतं, पण तो आधी माहीत हवा ना!

म्हणून मी केव्हीएमवर आलो. ते २००७ सालच्या २.६.२० पासून कर्नलमध्येच आहे. कर्नलमध्ये कुणी काही बदललं, तर केव्हीएमही त्याच कोडबरोबर सुधारलं जातं. वर मशीनचे बाकीचे भाग उभे करणारं क्यूईएमयू, आणि चालवायला व्हर्ट-मॅनेजर ही खिडकी. तोटेही आहेत. विंडोजमध्ये थ्रीडी ग्राफिक्सचं काम असेल, तर व्हीएमवेअरच उजवं. नवीन विंडोज व्हर्टिओ डिस्कवर (व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेल्या वेगवान प्रकारच्या डिस्कवर) टाकताना ड्रायव्हरची आयएसओ, म्हणजे सीडीची फाइल, जोडली नाही, तर इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. पण अपडेटनंतर धास्ती वाटत नाही, आणि माझ्या कामाला तेवढं पुरेसं आहे.

एकदा मात्र हेही थांबलं. व्हर्च्युअल मशीनची डिस्क म्हणजे क्यूकाऊ२ प्रकारची एक फाइल. ती चाळीस जीबीची म्हणून बनवली, तरी सुरुवातीला जागा थोडीच घेते आणि मग वाढत जाते. ती माझ्या रूट पार्टिशनवर (लिनक्स स्वतः राहतं त्या भागावर) होती आणि पार्टिशन भरलं. अर्ध्या ओळीत कर्सर गोठला. वर बघतो तर मशीन पॉज झालेलं. जुनी पॅकेजेस पुसून जागा केली, रिझ्यूम दाबलं, आणि त्याच ओळीत कर्सर पुन्हा लुकलुकू लागला. एक अक्षर गेलं नाही. डिस्क भरल्यावर चुकीचं लिहीत बसण्यापेक्षा थांबून राहणारं सॉफ्टवेअर मला जास्त विश्वासाचं वाटतं.

स्नॅपशॉटला, म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवण्याला, मात्र बॅकअप समजू नका. क्यूकाऊ२ च्या आतला स्नॅपशॉट त्याच फाइलीत राहतो. फाइल गेली की तोही गेला. मी दर रविवारी मशीन पूर्ण बंद करतो आणि डिस्कची फाइल व मशीनची मांडणी लिहिलेली एक्सएमएल फाइल बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवतो. गेल्या महिन्यात तीच जोडी दुसऱ्या लॅपटॉपवर नेली आणि माझा २००४ चा अंक उघडला. 'ज्ञानेश्वर'मधला ज्ञ जागच्या जागी होता. डोंगल तेवढं व्हर्ट-मॅनेजरमध्ये नव्याने जोडावं लागलं.